हातनोंद

हिरामण गभालेचा हात बिघडू लागलाय, हे सगळ्यात आधी काचेला कळलं. खुद्द हिरामणला ते कळायला आणखी दोन महिने लागले, आणि त्याच्या बायकोला, वैजंताला, ते मान्य करायला त्याहून जास्त.

खराडीतल्या एका एकवीस मजली इमारतीची पूर्वेकडची भिंत त्या सकाळी त्याने पुसून संपवली. वैजंता गच्चीवर दोर सांभाळत होती. तेवीस वर्षांच्या संसारातली चौदा वर्षं दोघांनी अशीच काढली होती. तो खाली दोरावर, ती वर दोरापाशी. दोर कठड्याला कुठे घासतोय, गाठ नीट बसलीय का, वारा किती सुटलाय, हे तिने बघायचं. काच त्याने बघायची. तो जमिनीवर उतरला, कमरेचा पट्टा सोडला आणि सवयीने फोन काढला. रोज हिरवी येणारी पट्टी आज पिवळी होती.

वैजंता खाली आली तेव्हा तो अजून फोनकडेच बघत उभा होता.

"हातनोंद विचलन, सहा टक्के," त्याने वाचून दाखवलं. "पंधरा झाले की परवाना स्थगित, असं लिहिलंय."

"वारा होता आज," ती म्हणाली.

"होता की," तो म्हणाला. वारा नव्हता. दोघांनाही ते माहीत होतं.

ही हातनोंद काय भानगड आहे, ते थोडं मागं जाऊन सांगायला हवं. दहाएक वर्षांपूर्वी शहरात सौरकाच आली. दोन काचांच्या मध्ये केसाच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ, आरपार दिसणारा थर. उजेड पडला की त्यातून वीज निघते, आणि अख्खी इमारत आपल्यापुरती वीज आपणच करते. पण धूळ बसली की वीज घटते. म्हणून हा थर सतत स्वतःवर लक्ष ठेवून असतो. कुठल्या चौकोनात सावली आली, कुठे ओल आली, कुठे दाब पडला, हे तो सेकंदाला चारशे वेळा मोजतो. सोय केली होती ती बिघाड शोधण्यासाठी. पण ती मोजमापं चाळता चाळता कारखान्यातल्या एका संशोधक मुलीच्या लक्षात आलं, की काच कोणी पुसली हेसुद्धा त्यातून ओळखता येतंय. वायपर किती दाबायचा, वळताना मनगट किती फिरवायचं, ओढ कुठे सैल सोडायची, हे माणसागणिक वेगळं असतं. अक्षर जसं सहसा बदलत नाही, तसं तेही बदलत नाही.

त्याच सुमारास एका ठेकेदाराने घाईपोटी तेजाब मिसळून काचा पुसून घेतल्या. सात मजल्यांचा थर जळून गेला, आणि त्याच कामावर दोन पोरं दोर तुटून पडली. मोठा गहजब झाला. सरकारने काच नियंत्रण मंडळ नेमलं आणि नियम केला की यापुढे काच पुसायला परवाना लागेल, आणि तो परवाना कागदावर नसेल, हातावर असेल. मंडळाकडे नोंद नसलेला हात काचेवर फिरला, की काचच मंडळाला कळवणार. वीस मिनिटांत पथक हजर. दोर जप्त, दंड वेगळा, आणि इमारतीच्या मालकालाही नोटीस. त्यामुळे वॉचमनच कोणाला आत सोडेनासे झाले.

सुरुवातीला हिरामणसारख्या सुट्या कामगारांना हा नियम आवडला होता. कागदी परवाने दलाल विकायचे. हात कोण विकणार? पण तीन वर्षांपूर्वी मंडळाने नवे वैयक्तिक परवाने बंद केले. नवा माणूस आता फक्त एजन्सीमार्फतच येणार. जुन्यांना मात्र सवलत दिली: हात आहे तोवर परवाना. अशी अकराशे माणसं राज्यात उरली होती. हिरामण त्यांतला एक.

तो मूळचा अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. त्याचा बाप आग्यामोहोळ काढायला वेलींच्या दोरांवरून कड्यावर उतरायचा. सतराव्या वर्षी हिरामणही उतरला, घसरला, आणि उजवं मनगट मोडून घेऊन आला. हाड गावातच बसवलं, ते जरा वाकडं बसलं. तेव्हापासून त्याचं मनगट उजवीकडे पुरतं वळत नसे. उरलेलं वळण तो खांद्यातून घ्यायचा. काचेवर हीच त्याची खूण होती, आणि गेल्या आठ वर्षांत काच ती एकदाही चुकली नव्हती.

आता त्याच हातात काहीतरी शिरलं होतं. वायपर धरला की थरथर थांबायची, रिकामा हात मांडीवर ठेवला की सुरू व्हायची. चहाची बशी किणकिण वाजायला लागली, तेव्हा वैजंताने त्याला पेल्यातून चहा द्यायला सुरुवात केली. 

पट्टीवर नऊ टक्के आले त्या आठवड्यात वैजंता एकटीच मंडळाच्या कचेरीत गेली. परवाना निरीक्षक मृणाल कर्डिले खिडकीपाशी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या बाई. पथकाच्या लोकांसारखी अरेरावी त्यांच्याकडे नव्हती.

"परवाना हवाय. माझ्या नावावर," वैजंता म्हणाली.

"वैयक्तिक परवाने बंद आहेत, ताई. एजन्सीकडून या. वय काय तुमचं?"

"एक्केचाळीस."

"एजन्सी पस्तिशीच्या आतले घेते. दहावी पास लागतं."

"सातवी झालीय."

कर्डिलेंनी चष्मा खाली घेतला. "दोर सांभाळायला परवाना लागत नाही. ते काम करू शकता तुम्ही."

"तेच करते चौदा वर्षं. पण दोरावर कोणी असलं तर दोर सांभाळायचा ना."

"यजमान करतात ना काम?"

"करतात," वैजंता म्हणाली आणि पायरी उतरली.

घरी येईस्तोवर तिचं ठरलं होतं. हिरामणला ते पटायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्याने स्वतःच इस्माईल तांबोळीला बोलावून घेतलं. इस्माईल त्याच्याच वयाचा, त्याच्यासारखाच सुटा परवानाधारक. दोघं एकाच वर्षी दोरावर चढले होते, आणि हिरामणच्या एका पडण्यातून इस्माईलने त्याला पट्ट्याला धरून वर ओढलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ दाढी खाजवली.

"हात दुसऱ्याला देता येतो का पण?" त्याने विचारलं.

"शिकवता येतो का, ते बघायचंय," हिरामण म्हणाला.

पुढच्या रविवारी इस्माईल भंगारातून सौरकाचेचा एक तडकलेला तुकडा घेऊन आला. वडगाव शेरीतल्या त्यांच्या खोलीच्या मागे बोळ होता, तिथे तो भिंतीला टेकवून ठेवला. मंडळाशी त्याचा संबंध तुटलेला होता; हिरामणचा फोन तेवढा त्याला जोडला. काच पुसून झाली की फोनवर जुळणीचा आकडा यायचा. वैजंताचा पहिला आकडा आला एकवीस.

"तू भांडी घासल्यासारखं पुसतेयस," हिरामण म्हणाला. "सगळा जोर बोटांत. जोर इथून आला पाहिजे." त्याने तिच्या खांद्यावर बोट ठेवलं.

मग तो तिच्या मागे उभा राहिला, तिच्या हातावर हात ठेवला आणि वायपर फिरवू लागला. रोज दुपारी तासभर, दीड तास. वैजंताला आठवेना, लग्नानंतर इतका वेळ याने कधी आपला हात धरला होता का. त्याचा हात मध्येच थरथरायचा, आणि ती थरथर कुठली आणि वळण कुठलं, हे तिला वेगळं काढावं लागायचं. जुना हात घ्यायचा होता, आजारी हात गाळायचा होता.

"मनगट उजवीकडे पुरं नेऊ नको. तिथं दुखतंय असं समज," तो सांगायचा.

तिने तेही शिकून घेतलं. दोन महिन्यांत मनगट तिथे आल्यावर खरंच दुखायला लागलं. ज्या दिवशी आकडा नव्वदच्या वर गेला, त्या दिवशी इस्माईलने पेढे आणले.

पहिल्यांदा ती दोरावरून उतरली ती विमाननगरच्या एका बारा मजली इमारतीवर. डोक्यावर हेल्मेट, तोंडावर धुळीचं फडकं. वर गेलेली माणसं दोन, खाली आलेली दोन, वॉचमनला त्याहून अधिक बघायचं कारण नव्हतं. सगळ्या गाठी तिने स्वतः मारल्या, दोनदा ओढून बघितल्या. कारण आता गच्चीवर, दोरापाशी, हिरामण बसणार होता, आणि त्याच्या हातावर कोणाचा जीव सोपवावा असे ते हात राहिले नव्हते. हे तिने त्याला सांगितलं नाही. गाठींकडे बघून त्याला ते कळलंच.

उंचीची तिला भीती नव्हती. भीती काचेची होती. पहिला चौकोन पुसला आणि तिचं लक्ष खाली रस्त्याकडे गेलं, पथकाची पांढरी गाडी येतेय का. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. गाडी आली नाही. खाली उतरून तिने फोन बघितला. जुळणी एक्क्याण्णव. पट्टी पिवळीच, पण लाल नाही.

आठ महिने असे गेले. तिचा हात बसत गेला तसा आकडा चढत गेला. सहाव्या महिन्यात मंडळाकडून संदेश आला: 'श्री. हिरामण सखाराम गभाले, आपल्या हातनोंदीत लक्षणीय सुधारणा आहे. अभिनंदन.'

हिरामणने तो दोनदा वाचला. "काच म्हणतेय मी बरा झालो," तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं आता चेहऱ्याच्या एकाच बाजूला उमटत होतं.

मग त्याचा पाय ओढायला लागला. आवाज खाली गेला, इतका की स्टोव्ह चालू असला तर ऐकू येत नसे. एकदा गच्चीवर बसल्या जागेवरून त्याला उठताच येईना. वैजंता पाणी मागायला वरच्या दिशेने ओरडत राहिली आणि दोर हलेना. शेवटी ती दोरावरून हातांनी चढून वर आली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला सरकारी इस्पितळात नेलं.

डॉक्टर वर्तक वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी हिरामणला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली. मग त्यालाच समोर बसवून समजावलं.

"कंपवात आहे हा. मेंदूच्या मुळाशी काही पेशी असतात. त्या एक रस तयार करतात, त्याच्यावर आपल्या हालचाली चालतात. तुमच्या त्या पेशी मरतायत. गोळ्यांनी काही काळ बरं वाटेल. पण आता एक खरा उपाय निघालाय. तुमच्याच कातडीतून पेशी घ्यायच्या, त्यांना त्या पेशींचं रूप द्यायचं, आणि मेंदूत नेऊन लावायच्या. रोप लावतो तसं."

"लागतात ती रोपं?" वैजंताने विचारलं.

"लागतात. पण जमिनीत ओल उरलेली असावी लागते. आजूबाजूचे धागे जिवंत आहेत तोवरच. तुमच्याकडे अजून चार-पाच महिने आहेत. सरकारी योजनेत हे फुकट होतं, पण जागा थोड्या आहेत. मी नाव पाठवतो."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वर्तकांनी ते वैजंताला इस्पितळात बोलावून वाचून दाखवलं. अर्जदाराच्या व्यवसायामुळे गेल्या नऊ वर्षांची सलग हातनोंद उपलब्ध आहे. तीनुसार गेल्या आठ महिन्यांत हाताच्या स्थैर्यात सुधारणा दिसते. तपासणीच्या वेळी दाखवलेली लक्षणं या नोंदीशी विसंगत आहेत. अर्ज अमान्य.

"तुम्ही बघितलंत ना त्यांना," वैजंता म्हणाली. "तुम्ही स्वतः बघितलंत."

"मी बघितलं. पण या इलाजाच्या लोभाने तपासणीच्या खोलीत हात थरथरवून दाखवणारे शेकडो येतात. म्हणून योजनेची समिती आमच्या डोळ्यांपेक्षा यंत्राची सलग नोंद धरते. मेंदूचं चित्रही या चाळणीतून पार झालेल्यांचंच काढतात." त्यांनी पत्र खाली ठेवलं. "गभालेबाई, ही नोंद इतकी चांगली कशी, हे मला कळत नाहीये."

वैजंताने तो कागद उचलला आणि ती उठली.

घरी तिने हिरामणला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मी कर्डिलेबाईंना जाऊन खरं सांगते."

"नको," तो म्हणाला.

"अहो, चारच महिने आहेत."

"इस्माईलचं काय होईल? बाकीच्यांचं? काचेला फसवता येतं असं कळलं, तर त्यांचे हात कोण खरे धरील?" इतकं बोलायला त्याला बराच वेळ लागला. "माझा गेला तर गेला. परवाना चालतोय तोवर तू पोट भर. कोणाला सांगू नको."

ती हो म्हणाली. तीन दिवस तिने ते पाळलं. चौथ्या दिवशी सकाळी शर्ट घालताना त्याची दोन बोटं गुंडीपाशी अडकली आणि तो तसाच, हात छातीशी धरून, तिची वाट बघत उभा राहिला. कोणाला हाक मारावी हेही त्याला सुचलं नव्हतं. त्या दिवशी ती कामाला म्हणून निघाली आणि मंडळाच्या कचेरीत गेली.

कर्डिलेंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नवऱ्याचा इलाज व्हावा म्हणून तुम्ही हे रचून सांगताय, असं मला वाटलं तर?"

"पुसून दाखवते."

कचेरीच्या मागच्या अंगणात चाचणीची काच होती. वैजंताने वायपर घेतला, पाणी मारलं आणि वरपासून खालपर्यंत एक चौकोन पुसला. पडद्यावर नाव उमटलं: हिरामण सखाराम गभाले. जुळणी सत्त्याण्णव. कर्डिलेंनी पुन्हा पुसायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मग त्या तिथेच, अंगणातल्या पायरीवर, बसल्या.

"हे तुम्ही मला दाखवायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"इस्पितळाला लिहा ना, की ती नोंद त्यांची नाही."

"लिहीन. पण लिहायचं तर खरं लिहावं लागेल. एकाचा हात दुसऱ्याला उचलता येतो, हे लिहावं लागेल. मंडळ ते वाचल्यावर काय करेल, ते माझ्या हातात नाही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तुम्ही आत्ता घरी गेलात, तर मी काही बघितलं नाही असं समजेन. पण मग इस्पितळाला काही लिहू शकणार नाही. दोन्ही नाही करता येणार मला."

"बाकीच्यांचे परवाने जातील?"

"मला माहीत नाही."

पण त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून वैजंतालाही ते कळलं. अंगणातली काच वाळत होती. इस्माईलचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला आणि तिने तो बाजूला सारला. तो बाजूला सारता येतो, याचं पुढे कितीतरी दिवस तिला नवल वाटत राहिलं.

"लिहा," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी मंडळाचा आदेश निघाला. हातनोंदीची नक्कल शक्य असल्याचं सिद्ध झाल्याने राज्यातले सर्व वैयक्तिक परवाने तत्काळ रद्द. यापुढे काच फक्त एजन्सीची यंत्रं पुसतील. त्या सकाळी अकराशे फोनांवर एकाच वेळी लाल पट्टी आली. काहीजण तेव्हा दोरावर लटकलेले होते.

नाव कुठे छापलं नव्हतं, पण असल्या गोष्टी कधी झाकून राहत नाहीत. बोळाच्या तोंडाशी माणसं येऊन उभी राहू लागली. कोणी शिव्या दिल्या, कोणी नुसते बघून गेले. इस्माईल आला तो पाचव्या दिवशी. तो आत आला, हिरामणच्या खाटेशी बसला, त्याचा हात हातात घेऊन थोडा वेळ दाबत राहिला. वैजंता दाराशी उभी होती.

"इस्माईलभाऊ," ती म्हणाली, "मला शिव्या द्या. काहीही बोला."

"काय बोलू, वहिनी?" तो म्हणाला. "काच मीच आणून दिली होती."

तो चहा न घेता गेला. पुन्हा आला नाही.

इस्पितळाचं उत्तर त्यानंतरच्या आठवड्यात आलं. वर्तकांनी ते पुढे सरकवलं आणि तिच्याकडे न बघता बोलू लागले. हातनोंद हा पुरावाच आता अविश्वसनीय ठरला होता, त्यामुळे हिरामणच्या अर्जातून तो वगळला होता. वगळल्यावर अर्जात पुरावाच उरला नव्हता. म्हणून समितीने नव्याने निरीक्षण करायला सांगितलं होतं. अंगावर यंत्र बांधून, सलग सहा महिने.

"सहा महिन्यांनी ती ओल राहील का?" वैजंताने विचारलं.

"मी आजच अपील करतो," वर्तक म्हणाले. 

मंडळाने वैजंतावर खटला भरला नाही. कर्डिलेंनी तेवढं सांभाळून घेतलं असावं. मात्र काचेला हात लावायला कायमची बंदी घातली, आणि बंदीच्या यादीत घालायला तिचा स्वतःचा हात हवा म्हणून तिला एकदा बोलावलं. ती पुन्हा त्याच अंगणात उभी राहिली.

"यजमानांसारखं नाही. तुमचं स्वतःचं पुसा," कर्डिले म्हणाल्या.

तिने पुसलं. हिरामण सखाराम गभाले. तिने डोळे मिटून पुसलं, घाईने पुसलं, रडत पुसलं. तेच नाव. घरी ओटा पुसतो तसं पुसून बघावं म्हणून तिने फडकं मागून घेतलं आणि तिच्या ध्यानात आलं, की आपण ओटा आधी कसा पुसायचो ते आपल्याला आठवत नाही. कर्डिलेंनी अखेर तो रकाना कोरा ठेवला आणि सही केली.

अपिलाचं उत्तर आलं नाही. पट्ट्याचं यंत्र आलं. हिरामणच्या मनगटाला आणि घोट्याला ते बांधलं गेलं आणि त्याची प्रत्येक थरथर, प्रत्येक तोल जाणं इमानेइतबारे मोजू लागलं. वैजंताला एका मॉलमध्ये फरशी पुसण्याचं काम मिळालं. बाहेरून काचेवर एजन्सीचं यंत्र खेकड्यासारखं सरकत जायचं. आतून ती ते बघायची आणि बादली पुढे ढकलायची. हिरामण तिच्याशी बोलेनासा झाला होता. आधी तिला वाटलं आवाज गेलाय म्हणून. पण शेजारच्या म्हातारबांशी तो दोन शब्द बोलताना तिने ऐकलं. रागावलाही नव्हता तो. ती घास भरवायची, तो खायचा, आणि नजर दाराकडे ठेवायचा.

सहा महिने आणि नऊ दिवसांनी समितीचा निकाल आला. वैजंताने तो मॉलच्या मागच्या जिन्यात बसून वाचला. लक्षणं खरी असल्याचं निःसंशय सिद्ध. अवस्था प्रगत. रोपणास अपात्र.

संध्याकाळी घरी येऊन तिने भात टाकला, आमटी केली. ताट घेऊन त्याच्या खाटेपाशी बसली. लपवायचं असं तिच्या मनात होतं, पण घास कालवता कालवता ते तोंडातून गेलंच.

"पत्र आलं. नाही म्हणाले."

तो दाराकडे बघत राहिला. मग कितीतरी महिन्यांनी त्याने तिच्याकडे मान वळवली. त्याचं बोलणं ऐकायला तिला तोंडाशी कान न्यावा लागला.

"इस्माईलला काम लागलं का?"

"नाही. त्याची मुलगी शाळेतून काढली, असं कळलं."

तो मान हलवत होता की मान आपोआप हलत होती, हे सांगता येण्याजोगं नव्हतं.

"मग बरं झालं," तो म्हणाला.

"काय बरं झालं?"

"नाही म्हणाले ते." त्याने श्वास घेतला. "मी बरा झालो असतो, तर त्याच्या तोंडाकडे कसं बघितलं असतं?"

एवढं बोलून तो दमला आणि त्याने डोळे मिटले. वैजंता ताट मांडीवर धरून बसून राहिली. आपण काय केलं आणि कोणासाठी केलं, हे त्याला सांगावं असं तिला वाटलं, पण ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनच तो हे बोलला होता. आमटी निवत चालली होती. थोड्या वेळाने त्याने डोळे न उघडता तोंड उघडलं. तिने पुढचा घास केला आणि त्याला भरवला.